सुकाणूच्या दोन खिळी

१

मोटारीच्या पुढच्या चाकांचं काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं आहे. आस, धक्के झेलणारे पाटे, खिळी, बुश, यातली एकही वस्तू अशी नाही जिच्यावरून माझा हात फिरला नाही. त्यात खोट नाही. हे आधी लिहून ठेवतो आणि मग बाकीचं सांगतो. माणसं आधी वस्तूला दोष देतात आणि चौकशी सावकाश करतात, हे मी दुकानात बसून चाळीस वर्षं पाहिलं आहे.

मला दाजी शेट म्हणतात. मालवण बंदरावर माझा कौलं, मीठ आणि काथ्याचा व्यापार. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं शिक्षण मालाच्या खोक्यांवर झालं. इंग्रजी अक्षरं चहाच्या पेट्यांवरून शिकलो, त्यामुळे माझ्या लेखी ती भाषा टीपासून सुरू होते. पण माल कसा पारखावा हे मला कोणाकडून शिकावं लागलं नाही.

गोवा मोकळा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी म्हापशाच्या एका भाटकाराकडून, म्हणजे बागायतदाराकडून, मी ही मोटार घेतली. सन अडतीसची, विलायती, काळीभोर. आंब्याखाली उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. भाटकार म्हणाला, "पिलं निघेपर्यंत मी दार उघडू देणार नाही." मी म्हटलं, बरं आहे. एकवीस दिवसांनी परत गेलो. असा घाई नसलेला माणूस पाहून त्याने आनंदाने चावी दिली, वर एक पिलूही दिलं.

बैल घेताना दात बघतात, मोटार घेताना पुढची चाकं. या मोटारीची पुढची चाकं फेंगड्या माणसासारखी उभी होती. इंजिन ठणठणीत, पण नाक जमिनीला लागलेलं. मला तेच हवं होतं. मोडकं काय आहे हे दिसत असेल तर ते दुरुस्त करता येतं.

आणि मोटार मला हवी होती ती जानकीसाठी. जानकी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ गुरुदास आमच्या गलबताचा तांडेल होता, सुकाणू त्याच्या हातात. ती पाच वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन तो बंदरावर सगळ्यांना सांगायचा, "ह्या चेडवाक मी सासराक बैलगाडीतसून धाडूचंय नाय. आपल्या गलबतातसून, निशाण लावन, दर्यातसून नेतलंय." बावन्न साली आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर बंदरं मिटतात त्या दिवसांत, तो शेवटची एक खेप आणायला गेला. तो आला नाही, गलबतही आलं नाही. खेप कौलांची होती. कौलं माझी होती.

जानकीला मी वाढवली. वेंगुर्ल्याचं स्थळ ठरलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मी तिला शब्द दिला, की गलबत नाही तर नाही, काकाच्या मोटारीतून जाशील. आणि माझा शब्द रिकामा गेल्याचं मालवणात कोणी सांगावं.

२

लवू मिस्त्री मुंबईला मोटारींच्या कारखान्यात दहा वर्षं राहून परत आलेला माणूस. त्याने मोटारीखाली सरपटत जाऊन पाहिलं आणि तिथूनच बोलला.

"शेटानू, हेच्यात कोंबडीच बरी होती."

"बाहेर ये आणि नीट सांग."

"पाटे बसले, बुश खलास, किंगपिनी झिजान वाकड्या झाल्या. ह्या मॉडेलाची किंगपिन आता खंय गावतली? विलायतेतसुद्धा गावाची नाय."

"गावत नाय तर करूया."

लवूने माझ्याकडे पाहिलं. मग विडी पेटवली. मी कोणतंही काम अंगावर घेतलं की लवू आधी एक विडी ओढतो आणि मग ते माझ्यापेक्षा नेटाने करतो.

मागच्या अंगणातल्या मांगरात, म्हणजे आमच्या माडांच्या झावळ्यांनी शाकारलेल्या कोठारात, आम्ही मोटार चिऱ्यांवर चढवली. पुढचा आस उतरवला. पाट्यांची पानं एकेक सोडवून रॉकेल आणि काथ्याने घासली. आचऱ्याच्या लोहाराने ती तापवून पुन्हा कमानीत वाकवली आणि उंडीच्या तेलात विझवली. गलबताच्या बुडाला लावतात ते तेल. लवू म्हणाला, असलं पाणी पुस्तकात नाही. खिळी ज्यांत फिरतात त्या बुशांसाठी मी घरातली एक चिरलेली पितळी घागर वितळवली. पाट्यांवर चढवायला चांभाराकडून चामड्याच्या म्यानी शिवून घेतल्या. पानापानात ग्रीस भरून जेव्हा तो पाटा पुन्हा बांधला तेव्हा लवूने त्यावर दोन्ही पायांनी उभं राहून उड्या मारल्या. पाटा दबला आणि एखाद्या समजूतदार माणसासारखा हळूच वर आला.

राहिल्या खिळी. पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं ती किंगपिन. दोन चाकांना दोन. सगळी मोटार वळते ती त्या दोन वीतभर पोलादांवर.

पोलाद कुठून आणायचं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

३

गलबत बुडाल्यावर पंधरा दिवसांनी त्याचं सुकाणू मिठबावच्या वाळूत लागलं. तिथल्या रापण ओढणाऱ्या कोळ्यांनी ओळखून बैलगाडीत घालून आणून दिलं. बाकी काही आलं नाही. ते सुकाणू मांगराच्या भिंतीला अकरा वर्षं टेकून उभं होतं. लाकूड पोखरलं, पण सुकाणू ज्यांवर फिरतं त्या दोन खिळी तशाच होत्या. गुरुदासदादाने त्या मुंबईला मोडीत निघालेल्या आगबोटीच्या दांड्यातून कातून आणल्या होत्या. "गलबत कुसात, पण ह्यो खिळो कुसूचो नाय," असं तो म्हणायचा, आणि खरंच होतं.

मी कानशीने थोडं घासून पाहिलं. आत चंद्रासारखं पांढरं पोलाद.

लवूने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"ह्या नको, शेटानू."

"का? पोलाद वायट आसा?"

"पोलाद बरा आसा. पण बुडालेल्या गलबताचा लोखंड थाऱ्याच्या वस्तूक लावतत. दाराक लावा, उंबऱ्याक लावा, तुळशीच्या पायात घाला. चालत्या वस्तूक लावनत नाय. माझ्या आज्यान कधी लावूक नाय."

हा आमच्या किनाऱ्याचा जुना रिवाज. मलाही ठाऊक होता. माझ्याच दुकानाच्या उंबऱ्यात एका बुडीत पडावाची पट्टी आहे. पण रिवाजातली वाट शोधणं हा माझा धंदा.

"लवू, रिवाज गलबताचो," मी म्हटलं. "एका गलबताचा दुसऱ्या गलबताक लावूचा नाय. मोटार खंय पाण्यात जाता?"

लवूने विडी काढली. पण या वेळी ती पेटवली नाही, तशीच कानावर ठेवली.

यशोदावहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ती मांगरात येत नसे. आणि नाही म्हणेल अशा माणसाला विचारू नये, हेही मी दुकानातच शिकलो.

कुडाळला कातयंत्रावर दोन किंगपिनी कातून घेतल्या. बुशात घातल्या तेव्हा हाताच्या दाबाने, हवा सोडत, सुस्कारा टाकल्यासारख्या आत गेल्या. इतकं नेमकं बसलेलं काम मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

४

पहिल्या फेरीला मी मडगार्डवर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आणि बंदरापर्यंत मोटार नेली. रस्ता म्हणजे चिऱ्यांचा चुरा आणि खड्डे. वाटीतलं चमचाभर पाणी सांडलं असेल. बंदरावर खारवी, हमाल, कचेरीतले कारकून, सगळे गोळा झाले. एका कारकुनाने विचारलं, "शेट, पुढचे पार्ट विलायतेहून मागवले का?" मी म्हटलं, "हो, आचऱ्याच्या विलायतेहून." लोक हसले. त्या दिवशी मी घरी जेवलो ते दोन वेळचं एका वेळी.

आवाज परतीच्या वाटेवर ऐकला.

भरड नाक्यावरचं वळण घेतलं, चाक सरळ केलं, आणि पुढून आवाज आला. टक्, टक्. दोनच.

नव्या कामात आवाज येतात. बुश बसतात, पाटे आपली जागा घेतात. दुसऱ्या वळणावर पुन्हा. वळताना नाही, खड्ड्यात नाही. वळण संपून मोटार सरळ झाली की, दोन टक्. मग शांत.

लवूने पुढचं सगळं पुन्हा सोडलं. नट, बोल्ट, म्यानी, बुश. काही सैल नव्हतं. एक केसभरही खेळ नव्हता. पुन्हा बांधलं. मी चालवली, तो पुढे बॉनेटला कान लावून मडगार्डवर बसला. वळण संपलं. टक्, टक्.

"खंयसून येता?" मी विचारलं.

"खिळीतसून नाय," लवू म्हणाला. "स्टेअरिंगातसून येता. तुमच्या हातासकट."

मी हात पाहिले. आवाज अंगठीने ठोकल्यासारखा, पण माझ्या हातात अंगठी नाही. मी कधीच घालत नाही. मापं घेताना अडते.

लोखंड, पितळ आणि लाकूड उन्हात वेगवेगळं फुगतं. असा आवाज येणारच, असं मी लवूला समजावून सांगितलं. तोही हो म्हणाला. आम्ही दोघेही त्या कामावर इतके खूश होतो की एकमेकांचं ऐकायला तयार होतो.

५

लग्नाला आठ दिवस होते. मी दुपारी मोटार अंगणात वळवून आणली तर यशोदावहिनी मागच्या पडवीत उभी. हात पिठाचे, तसेच समोर धरलेले.

"भावजीनू, गाडी कोण चालय होता?"

"मीच. आणखी कोण?"

"वळान झाल्यार दोनदा कोण ठोकता?"

मी पितळ आणि उन्हाचं सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचे दादा सुकाणू फिरवून गलबत वाटेर इला काय बोटातल्या आंगठेन दोनदा ठोकीत. वाटेक लागला म्हणान. माका घराकडे ऐकाक येय." आणि आत गेली. भाकऱ्या थापण्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

खरं सांगायचं तर मलाही ते आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच मी बुशांविषयी इतकं बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांगरात गेलो. मोटार मी दाराकडे तोंड करून, चाकं सरळ ठेवून उभी करतो. तशी माझी शिस्त आहे. पुढची चाकं पूर्ण वळलेली होती. मी ती सरळ केली आणि टायरच्या कडेने जमिनीवर खडूने रेघ ओढली. दुपारी जेवून आलो. चाकं रेघेपासून दूर, पुन्हा तिकडेच वळलेली. ज्या भिंतीकडे ती वळली होती तिच्यामागे माडांची एक रांग, आणि मग समुद्र.

मांगराला कुलूप होतं. चावी माझ्या कडदोऱ्याला.

पाटे ताणलेले असले की चाक परत फिरतं, असं मी स्वतःला सांगितलं. हे अगदीच खोटं नाही. लवूला मात्र मी ते दाखवलं नाही. जानकी त्या दिवशी मोटारीच्या दाराला हळदीचं बोट लावून गेली होती. तिने मैत्रिणींना बोलावून मागची सीट दाखवली होती. मी मोटार नेली नसती तर तिला कारण काय सांगणार होतो?

६

लग्न वेंगुर्ल्याला, नवऱ्या मुलाच्या दारी. वऱ्हाड लॉरीने कुडाळच्या वळशाने पुढे गेलं. मी खाडीवरून जायचं ठरवलं. एक तर जवळ, आणि दुसरं, तिकडून गेलं की सगळं वेंगुर्लं मोटार येताना बघणार होतं.

लवू निघताना एवढंच म्हणाला, "शेटानू, तुमी म्हटलास मोटार पाण्यात जाता खंय."

मी म्हटलं, "पाण्यात नाय रे. पाण्यार."

कर्लीच्या खाडीला पूल नव्हता. दोन मोठ्या होड्या शेजारी बांधून, वर फळ्या टाकून सांगड करतात. तिच्यावर मोटार चढवतात. सांगडीवर तारी धोंडू, मागे लांब वल्हं घेऊन, आणि बांबू रेटणारे दोघे. मोटार वर आली. चारही चाकांना चिरे लावले. मागच्या सीटवर जानकी आणि यशोदावहिनी. वहिनी बावन्न सालानंतर पाण्यावर आली नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते. मी चालकाच्या जागेवर, इंजिन बंद, हात मांडीवर.

भर दुपार. धोंडूने वेळ निवडून घेतली होती: भरती भरलेली, पाणी थांबलेलं. वारा नाही. खाडी तेलासारखी पसरलेली. उजवीकडे, दोन वाकणांपलीकडे, समुद्राची पांढरी रेघ.

अर्ध्यावर आलो तेव्हा धोंडू म्हणाला, "शेटानू, चाकाक हात लाव नकात."

"मी खंय लावतंय?"

"मगे फिरता कसा?"

स्टेअरिंग फिरत होतं. सावकाश. उजवीकडे. पुढच्या चाकाने अटकावाला लावलेला चिरा बाजूला सरकवला. तो फळीवरून घासत गेला आणि पाण्यात पडला. आणि चाकं ज्या बाजूला वळली त्या बाजूला सांगडीचं नाक वळलं.

"शेटानू," धोंडू म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "वल्ह्याक कायच लागना नाय. सांगड माझ्या हातात नाय."

बांबूवाल्या दोघांनी बांबू टाकले. तळ लागेना. सांगड उजवीकडे निघाली, समुद्राकडे, थांबलेल्या पाण्यातून.

जानकी मागून हसली. "काका, दर्यातसून जातंव काय?"

मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि डावीकडे ओढलं. ते हललं नाही. अडकलेलं चाक मला ठाऊक आहे. ते दगडासारखं लागतं. हे तसं नव्हतं. दुसऱ्याने धरलेलं होतं. जोर नव्हता त्यात, राग नव्हता. खूप वर्षं हेच काम केलेल्या माणसाची पकड होती.

माझ्या दोन मुठींच्या मध्ये काळ्या चाकावर दोन जागा ओल्या झाल्या. चार-चार बोटांएवढ्या. एक थेंब निथळून माझ्या धोतरावर पडला आणि उन्हात बघता बघता पांढरा झाला. तो मी चाखला नाही. गरज नव्हती.

मागून वहिनी बोलली. डोळे तिने उघडले नव्हते.

"असा नेव नकात तिका."

वहिनी मला भावजी म्हणते. ते वाक्य भावजीला नव्हतं.

सांगड पहिलं वाकण ओलांडून गेली. समुद्राचा आवाज येऊ लागला. खाडीच्या मुखाशी लाटा फुटत होत्या, त्या मी मोजू शकत होतो. व्यापारी माणूस अडला की काय देता येईल ते बघतो. माझ्याजवळ एकच वस्तू होती जिला बंदरावर भाव होता.

मी खाली वाकून, त्या दोन ओल्या जागांच्या मध्ये, बोललो.

"दादा, ती खेप माझी होती. तू नको म्हणी होतंस, मी धाडलंय. चेडवाचो काय संबंध नाय. तिका घराक लावक दी. मगे मी येतंय. तू म्हणशीत थंय. माझो शब्द."

लाट फुटली. मग दुसरी.

टक्, टक्.

स्टेअरिंग माझ्या हातात सैल आलं. मी ते सरळ केलं. मागे धोंडूचं वल्हं पाण्याला लागल्याचा आवाज झाला, आणि सांगड पलीकडच्या धक्क्याकडे अशी गेली जशी कधी वाट चुकलीच नव्हती. धोंडूने उतरताना मोटारीच्या पुढच्या चाकांना हात लावून तो कपाळाला लावला.

वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर दुतर्फा माणसं उभी होती. माझे होणारे व्याही मोटारीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "दाजी शेट, चालते की तरंगते?" असा दिवस माणसाच्या आयुष्यात एकदा येतो. मी तो पुरेपूर भोगला. परत मात्र कुडाळच्या वळशाने आलो. प्रत्येक वळणानंतर, टक्, टक्.

७

मी शब्द दिला तेव्हा मुदत सांगितली नव्हती. व्यापारी माणूस एवढी फट ठेवतोच. मोटार मांगरात चिऱ्यांवर चढवली, पुढची चाकं अधांतरी. दर महिन्याला ग्रीस दिलं. चाकं भिंतीकडे वळायची, मी सरळ करायचो. दोन वर्षं असं चाललं. लोक मोटार बघायला येत, मी पाटे दाखवी. मी बाहेर निघालो की वहिनी आता पडवीत येऊन मी कुठल्या रस्त्याला लागतो ते बघते.

परवा जानकीचं पत्र आलं. तिची मुलगी आता पाच महिन्यांची आहे. लिहिते, 'काका, एक गंमत. पाळणा हलवून सोडला की थांबताना दर्याकडे तोंड करून थांबतो. आणि थांबला की दांडीवर कोणीतरी दोनदा टकटक करतं. हे म्हणतात, लाकूड वाजतं. तुम्ही या, तुम्हाला बरोबर कळेल काय सैल आहे ते.'

काय सैल आहे ते मला कळलं. दादाने दोन वर्षं वाट पाहिली. माझ्यासारख्याशी व्यवहार करताना कोणीही इतकी पाहिली नसती.

काल लवूला बोलावून चिरे काढले. पाटे तपासले, खिळी तपासल्या. लवूने सगळं पाहून मान हलवली आणि म्हणाला, "शेटानू, ह्या काम तुमच्या-माझ्यामागे ऱ्हवात." मी म्हटलं, "ऱ्हवाकच व्हया." धोंडूला निरोप पाठवला, की उद्या दुपारी भरती भरली की सांगड तयार ठेव, मोटार आणि मी, बरोबर कोणी नाही. त्याने उलट विचारून पाठवलं, परत कधी? मी कळवलं, तू मोटार चढव आणि उतरून काठावर थांब.

सकाळपासून मांगरातून आवाज नाही. मी आत्ता जाऊन पाहिलं. चाकं प्रथमच आपणहून दाराकडे, माझ्याकडे वळलेली आहेत.

मागून लोक म्हणतील की पुढच्या कामात काहीतरी राहिलं, म्हणून मोटार सांगडीवरून गेली. म्हणून सही करून लिहून ठेवतो. पुढच्या कामात काहीही राहिलेलं नव्हतं. आस सरळ, पाटे ताजे, बुश घट्ट, आणि दोन्ही खिळी ज्याच्या होत्या त्याच्याच हातात होत्या.